न उघडणारा सांधा

रात्सिम्बा सुताराचं स्वप्न आमच्या सगळ्या गावाला पाठ होतं, कारण तो ते कुणालाही सांगत सुटायचा. स्वप्नात धुकं असायचं आणि धुक्यातून फळ्या चालत जायच्या. माणसं नाहीत, नुसत्या फळ्या, एकीमागून एक, डोंगराच्या धारेवरून. त्याला त्यांच्या मागून जायचं असायचं, पण पाय उचलायचा नाही. जाग आली की तो उठून आधी भिंतीला हात लावून बघायचा, आहे ना जागेवर म्हणून. त्याचा शेजारी राइनिबोतो म्हणायचा, हा माणूस झोपेतसुद्धा लाकडंच मोजतो, याला बायको कोण देणार?

बायको मिळाली, आणि चांगली मिळाली. पण आधी त्या फळ्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या या धुक्याच्या डोंगरांत घराला खिळा मारत नाहीत. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तासून त्याचा कुसू करायचा, कुसू खाचेत बसवायचा आणि आडवी खुंटी ठोकायची. भिंतीच्या फळ्या तर खालच्या-वरच्या तुळयांच्या खोबणीत नुसत्या सरकवलेल्या. असं घर वादळात कण्हतं, कुंथतं, पण पडत नाही. आणि खुंट्या काढल्या की तेच घर एका सकाळीत सुटं होतं. खांद्यावर घ्या, पलीकडच्या डोंगरावर न्या, पुन्हा उभं करा.

रात्सिम्बा लहान होता तेव्हा त्याच्या आईबापाचं बिनसलं. घराचं लाकूड आईच्या भावांच्या रानातलं. भाऊ आले, कुणाशी शब्द बोलले नाहीत, खुंट्या काढल्या आणि भिंती उचलून चालू लागले. आई त्यांच्या मागून गेली. धुकं असं की माणसं दिसेनात, खांद्यावरच्या फळ्या तेवढ्या दिसत होत्या. मागे राहिले चुलीचे तीन दगड आणि त्यांच्याजवळ बसलेला बाप. बाप त्या दिवशी उघड्यावर चुलीत जाळ घालत बसला होता, जणू भोवती घर आहेच.

हे बघितलेलं पोर पुढे सुतार झालं, तर कसला सुतार होणार? एकदा जोडलेलं सुटता कामा नये, एवढं एकच खूळ डोक्यात घेतलेला. वीस गावांत त्याच्या हातासारखा हात नव्हता, हे त्याचा हेवा करणारेही कबूल करायचे. तो लाकडाला बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा आणि किती तरी वेळ तसाच राहायचा, डोळे मिटून. काम सांगायला आलेला माणूस कंटाळून उकिडवा बसायचा, तंबाखू मळायचा, मळलेली संपवायचा. मग रात्सिम्बा डोळे उघडून म्हणायचा, हे लाकूड खिडकीला चालेल, दाराला नको. का, ते सांगायचा नाही. त्याने बसवलेल्या सांध्यात केस जायचा नाही. पाणी ओतून बघा, झिरपायचं नाही.

केताका त्याला भेटली ती तिच्या आईच्या खिडकीपायी. दरीपलीकडच्या गावात एका घराची खिडकी वाकडी झाली होती, ती दुरुस्त करायला तो गेला. घरची बाई रेनिकेताका, म्हणजे केताकाची आई. आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापाची स्वतःची नावं गळून पडतात, मग ती मुलाच्याच नावाने चालतात. ही रेनिकेताका मोठी कडक बाई. पण पोरगी? पोरगी दिवसभर बोलत होती. घेवडा सोलता सोलता बोलत होती, रताळी भाजता भाजता बोलत होती, आणि कुणी वाटेने गेलं की उठून, छाती भरून दरीपलीकडे हाक घालत होती. तिची हाक धुक्यातून जायची आणि पलीकडून उत्तर घेऊन यायची. एका सकाळचं काम, पण रात्सिम्बाने तीन दिवस लावले. रेनिकेताका म्हणाली, सुतार हळू आहे. शेजारीण म्हणाली, हळू कुठला, चांगला घाईत आहे.

लग्न ठरलं. इथून पुढे जे झालं त्याला मी मूर्खपणा म्हणतो, पण आमच्याकडची जाणती माणसं अजून त्याला प्रेम म्हणतात. दोन्ही खरं असेल.

आमची रीत अशी. लग्न झालं की नवरा चार खांब, चूल आणि चुलीजवळचा मधला खांब एवढं लाकडाचं उभं करतो. भिंती मात्र बांबूच्या चटयांच्या, पातळ, आरपार वारा जाईल अशा. पहिलं मूल झालं की एखाद्या चटईच्या जागी फळ्या येतात. दुसरं झालं की आणखी. संसार जसा जुना होतो तसं घराला हाडं येतात, असं आम्ही म्हणतो. म्हातारपणी घर टणक होतं आणि नातवंडं त्याच्या फळ्यांवर नक्षी कोरतात. नव्या जोडप्याच्या घरातून कुजबुज ऐकू येते, खोकला ऐकू येतो, भांडण तर सगळ्या गावाला ऐकू येतं. वाटेने जाणारा चटईजवळ थांबून म्हणतो, "हाओदी?" आतून कुणीतरी म्हणतं, "या ना, आत या." मग तो आत येतो किंवा नाही येत, पण विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

रात्सिम्बाने लग्नाआधीच सबंध घर लाकडाचं केलं. फळीन्‌फळी. एक चटई नाही. गावातले म्हातारे येऊन बघून गेले. त्यांच्यातला सगळ्यात मोठा हळूच म्हणाला, की बाळा, हाडं आधी आणि जीव मागून, असं कुणाचं होतं का रे? रात्सिम्बा गालात हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला हेवा वाटतोय. नवऱ्या मुलीला वाऱ्यावर का म्हणून बसवायचं, आपण काय रिकाम्या हाताचे आहोत? राइनिबोतो बोललाच, की अरे, मूल यायला एखादी फट तरी ठेवलीस का? सगळे हसले. रात्सिम्बाही हसला आणि घरी जाऊन सगळ्या फटी पुन्हा तपासल्या.

आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही.

खाली आम्बोसित्राच्या बाजारात पेट्या-कपाटं करणारे सुतार होते. त्यांच्याकडे त्याने दोन विद्या पाहून घेतल्या होत्या. एक सरस. बैलाचं कातडं उकळून केलेला, तपकिरी, वड्यांचा, पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ करायचा. नाक धरावं लागतं, पण लाकडाला लाकूड असं धरतो की लाकूड फाटेल, जोड सुटणार नाही. दुसरी विद्या छुप्या पाचरीची. खाच आरपार पाडायची नाही, आतच संपवायची, आणि आत थोडी रुंद करायची. कुसवाच्या टोकाला चीर देऊन तिच्यात पाचर नुसती टेकवायची. मग कुसू ठोकत आत घातला की पाचर खाचेच्या तळाशी अडते, चिरीत घुसते आणि कुसू आतल्या आत पसरतो. बाहेरून काही दिसत नाही. खुंटी नाही, खूण नाही. आणि तो सांधा जन्मात निघत नाही. बाजारातला सुतार म्हणाला होता, हे करताना दोनदा विचार कर, कारण तिसऱ्यांदा विचार करायला जागा राहत नाही.

मधल्या खांबाचा माथा घराच्या आढ्याला रात्सिम्बाने असा जोडला. सरस भरला, पाचर टेकवली आणि मोगरी मारली. ठक्, ठक्, आणि मग तो आवाज बदलला, बसका झाला. त्याला इतकं बरं वाटलं की तो खांबाला टेकून तिथेच झोपला. लोकांना दिसावी म्हणून बाहेरून एक खोटी खुंटीही त्याने बसवली होती.

केताका नांदायला आली. पहिले काही महिने कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत, कारण भिंतीतून काही ऐकूच यायचं नाही. हीच तर रड होती. बाहेरच्याला आतलं ऐकू येईना आणि आतल्याला बाहेरचं. वाटेने जाणारे आधी थांबायचे, "हाओदी" म्हणायचे, उत्तर येईना. फळी जाड, आवाज आत जाईल कसा? मग थांबेनासे झाले. केताका म्हणाली, इथे काहीच ऐकू येत नाही. रात्सिम्बाला वाटलं, कौतुक करते आहे. ती म्हणाली, सकाळी कळत नाही उजाडलं की नाही. त्याने दाराच्या चौकटीशी उजेडाची एक बारीक रेघ होती ती शोधून काढली आणि पट्टी तासून बंद केली. बायको बोलत होती आणि हा शहाणा ऐकून घेत होता, पण लाकडाला कान लावून ऐकायची सवय, माणसाचं ऐकायचं राहून गेलं.

ती बोलायची कमी झाली. आधी दरीपलीकडे हाका घालणारी बाई, आता चुलीजवळ बसून जाळाकडे बघायची. रात्सिम्बा कामाहून यायचा, ती वाढायची, तो जेवायचा. सगळं शांत, सगळं घट्ट. त्याला फळ्यांचं स्वप्न पडेनासं झालं, तेव्हा त्याला वाटलं, आता सुख लागलं.

मूल होईना. एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. गावाने तोंडातल्या तोंडात सुरुवात केली आणि मग तोंडावर बोलू लागलं, की घर आधीच भरलेलं आहे, येणाऱ्याने बसायचं कुठे? बायका केताकाला पाणवठ्यावर गाठून पाले-मुळ्या सुचवायच्या. तिने काही खाल्ल्याही असतील. घरी येऊन ती सांगायची नाही, आणि विचारायचं असतं हे रात्सिम्बाला सुचायचं नाही.

मग ते दार अडकलं.

थंडीतलं धुकं दोन आठवडे उठलं नव्हतं. अशा दिवसांत लाकूड पाणी पितं आणि फुगतं. आमच्या घरांना फुगायला जागा असते, ढिलाई म्हणून जी शहरातली माणसं हसतात ती त्यासाठीच. रात्सिम्बाच्या दाराला मुळी ढिलाई नव्हती. तो पहाटे कामाला गेला तेव्हा दार जड लागलं, त्याने खांद्याने रेटून लावून घेतलं आणि गेला. केताका पाण्याला निघाली तर दार हलेना. ढकललं, लाथा मारल्या. खिडकीही तशीच फुगून बसलेली. आतून हाका मारल्या. तिची हाक, जी दरी ओलांडायची, ती आता चार हातांवरच्या वाटेपर्यंत पोचेना. चूल धुमसत होती, धूर जायला आढ्याजवळची बारीक वाट तेवढी होती. तिने शेवटचं पाणी जाळावर ओतलं आणि अंधारात बसून राहिली.

रात्सिम्बा दिवस मावळताना आला. पहार घालून दार उघडलं. ती मधल्या खांबाला पाठ लावून बसली होती. रडत नव्हती. तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, उद्याच दार तासतो. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो कुठल्या परक्या बोलीत बोलतोय. सकाळी तिने आपली झोपायची चटई गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि दरी उतरून माहेरी गेली.

आमच्यात बायको माहेरी गेली तर नवऱ्याने जाऊन गोड बोलून आणायची असते. मध न्यायचा, सासूपुढे मान खाली घालून बसायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे. रात्सिम्बा मध घेऊन गेला. रेनिकेताकाने मध ठेवून घेतला आणि म्हणाली, "माझी मुलगी मी घरात दिली होती, पेटीत नाही. ते घर उघड. इतरांचं असतं तसं कर. मग यायचं की नाही ते ती ठरवेल." केताका चुलीजवळ रताळी भाजत होती. तिने वर बघितलं नाही. एक रताळं मात्र त्याच्यापुढे ठेवलं, सोललेलं. परतीच्या वाटेवर रात्सिम्बा त्या रताळ्याचा अर्थ लावत होता. वाटेने जाताना कुणालाही देतात तसं दिलं, की मला दिलं? दरीतून वर येईपर्यंत त्याला काही ठरवता आलं नाही.

तो कामाला लागला. आपल्याच हातच्या भिंती आपल्याच हाताने सुट्या करायच्या, म्हणजे काय होतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. फळ्या एवढ्या घट्ट की निघता निघेनात. पाचरी मारून, पाणी सुकायची वाट बघत, एकेक करून त्याने त्या बाहेर काढल्या. गाव बघायला जमलं. कुणी हसलं नाही. राइनिबोतो न बोलावता आला आणि एका टोकाला खांदा देऊन उभा राहिला. बायकांनी बांबू चिरून चटया विणून दिल्या. आठवड्याभरात घर नव्या नवरा-नवरीचं दिसायला लागलं. वारा आत येऊन जाळ वाकडा करायला लागला. पहिल्याच सकाळी वाटेवरून कुणाचा तरी आवाज आला, "हाओदी?" आणि रात्सिम्बा इतका दचकला की हातातलं भांडं सांडलं.

केताकाला निरोप गेला. ती आईला घेऊन आली. दोघींनी भोवती फिरून पाहिलं. रेनिकेताकाने चटईत बोट घालून बघितलं, आरपार गेलं. ती म्हणाली, हं, आता बरं आहे, आणि बाहेर गावच्या बायकांत जाऊन बसली. केताका आत आली. चटईतून धुक्याचा उजेड जमिनीवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडला होता, तिच्या अंगावरही पडला. तिने आपली झोपायची चटई उलगडली आणि अंथरली. ती राहायला आली होती.

इथे रात्सिम्बाने तोंड बंद ठेवलं असतं तर गोष्ट संपली होती. मधला खांब सगळ्यांच्याच घरात असतो. त्याच्या माथ्याच्या आत काय आहे ते कुणाला दिसणार होतं? खोटी खुंटी बाहेर दिसत होतीच. तो खांबाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. केताकाला वाटलं, लाकूड ऐकतोय.

"हा निघत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"हा सांधा. ही खुंटी खोटी आहे. आत सरस आहे आणि पाचर आहे. जन्मात निघणार नाही. बाकी सगळं काढलं, हा तसाच आहे."

तिने विचारलं, का केलंस असं? आणि मग रात्सिम्बाने, जो गावभर आपलं स्वप्न सांगत फिरायचा पण ते स्वप्न कशाचं आहे ते कुणालाच सांगायचा नाही, तिला सगळं सांगितलं. मामा आले, खुंट्या काढल्या, आई मागून गेली, बाप जाळ घालत राहिला. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. तो म्हणाला, मला वाटलं, सांधाच निघाला नाही तर कोण जाईल?

बाहेर तिची आई कुणाला तरी घेवड्याचे भाव ऐकवत होती, ते चटईतून स्पष्ट ऐकू येत होतं. मग केताका म्हणाली, "तुझी आई गेली ती खुंट्या निघत होत्या म्हणून नाही गेली. ती आधीच गेली होती, खुंट्या नंतर निघाल्या." आणि थोड्या वेळाने, "लाकडाला सरस लावलास. मला विचारलंस का?"

त्याने मान हलवली. नव्हतं विचारलं.

"मग काप."

त्याने करवतीकडे पाहिलं. लांब, दोन्ही टोकांना मूठ असलेली, ओंडके कापायची करवत. तिला दोन माणसं लागतात. तो म्हणाला, राइनिबोतोला बोलावतो. ती म्हणाली, त्याचं काय काम? आणि भाताचं उखळ उलटं करून त्यावर चढली. आमच्यात बायका करवत धरत नाहीत. धरू नये असा काही नेम नाही, पण धरत नाहीत. रात्सिम्बाने आढ्याला दोन्हीकडून बल्ल्यांचे टेकू दिले, चार-चारदा तपासले, आणि समोर बाकावर चढला. खांबाच्या माथ्याशी, आढ्याच्या लगत, त्याने दाते टेकवले.

पहिल्या दोन ओढींत करवत अडकली. ती जोर लावून त्याच्याकडे ढकलत होती. तो म्हणाला, ढकलायचं नाही. फक्त ओढायचं. मी ओढेन तेव्हा तू सोड, तू ओढशील तेव्हा मी सोडतो. तिने सोडून पाहिलं. करवत गेली. त्याने सोडलं, करवत आली. गेली, आली. भुसा पिवळा, मऊ, दोघांच्या पायांवर पडू लागला. लाकडाचा वास सुटला आणि मग मध्यावर पोचल्यावर सरसाचा, कुजका, कातड्याचा. तिने नाक मुरडलं आणि हसली. त्याने तिचं हसणं कितीतरी महिन्यांनी ऐकलं होतं. त्याला वाटलं, कापून होऊच नये, हे असंच चालू राहावं, ती ओढते आहे आणि आपण सोडतो आहोत, आपण ओढतो आहोत आणि ती सोडते आहे. बाहेरच्या बायका गप्प झाल्या होत्या, करवतीचा आवाज ऐकत होत्या.

खांब सुटला तेव्हा आढं टेकूंवर किंचित बसलं, कण्हलं आणि थांबलं. कुसवाचा तुकडा वर आढ्यातच राहिला, मोडक्या दातासारखा. तो निघणार नव्हताच. रात्सिम्बाने त्याच्या शेजारी नवी खाच पाडली, आरपार. खांबाचं टोक पुन्हा तासलं. खांब आता वीतभर तोकडा झाला होता, त्याच्याखाली सपाट दगड घातला. आणि खुंटी केली. ती मोगरीने ठोकायला तो निघाला, तर केताकाने हात पुढे केला. तिने ती अंगठ्याने दाबून बसवली, पुन्हा बाहेर काढून पाहिली, पुन्हा बसवली. निघत होती. ती म्हणाली, "आता हे घर कधीही उघडता येईल. मलाही, तुलाही." त्या संध्याकाळी त्याला भीती वाटली, फार वाटली, आणि ती भीती त्याने कशानेही बंद केली नाही.

मूल झालं नाही. कुणाला वाटलं असेल की घर उघडलं आणि पाळणा हलला, तर तसं काही नाही. चटईच्या घरातही झालं नाही. रात्सिम्बा मरेपर्यंत रात्सिम्बाच राहिला, कुणाचा बाप म्हणून त्याला कुणी हाक मारली नाही, आणि रीतीप्रमाणे त्यांचं घर कायम बांबूचंच राहायला हवं होतं. हाडं यायला निमित्त नव्हतं. चटया कुजायच्या, दोघं नव्या विणायची. काढलेल्या फळ्या मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या.

मग एका सुगीनंतर, मका वर टांगून झाल्यावर, केताका म्हणाली, "आज एक फळी लाव."

"कशासाठी?"

"मला वाटलं म्हणून. काल आईकडे गेले होते ना, येताना दरीत मध्येच बसले. म्हटलं, जायचं का परत? मग म्हटलं, जाऊ. आले. लाव एक."

त्याने एक लावली, पूर्वेच्या बाजूला. गावात चर्चा झाली, की मूल नाही, बाळ नाही, फळी कसली? म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. पण सगळ्यात मोठा म्हातारा, तोच तो, काठी टेकत आला, फळीवर हात फिरवला, तिच्यावर थोडी दारू शिंपडली आणि म्हणाला, संसाराची असते फळी, पोरांची मोजदाद तुम्हीच करत बसा. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

पुढे कधी वर्षातून एक, कधी दोन, कधी एकही नाही. एका वर्षी दोघांचं असं भांडण झालं की तिने एक फळी काढायला लावली आणि पावसाळाभर तिथे चटई फडफडत राहिली. तिच्या बहिणीची पोरं यायची, राहायची, जायची. घर बोलकं झालं. केताकाचा आवाज पुन्हा दरी ओलांडायला लागला. रात्सिम्बाने बाहेरच्या कामांत सरस कधी वापरला नाही असं नाही. पेट्यांना वापरला, खुर्च्यांना वापरला, त्यात काही पाप नाही. पण सांधा करण्याआधी तो आता गिऱ्हाइकाला विचारायचा, हे पुढे कधी उघडायचं आहे का? लोकांना वाटायचं, सुतार म्हातारा झाला, बडबडतो.

केस पिकले. एकेका फळीने भिंती भरत आल्या आणि शेवटी दाराशेजारी एकच जागा उरली, हातभर रुंद. तिथे बांबूची चटई. रात्सिम्बाने त्या जागेची फळी कधीच तासून ठेवली होती. आता त्याचे डोळे मंद झाले होते, पण बोटांना दिसत होतं. त्या फळीचं तोंड त्याने इतक्यांदा घासलं की ती आरशासारखी गुळगुळीत झाली. रोज सकाळी धुकं असताना तो ती भिंतीला टेकवायचा आणि विचारायचा, "आज?"

केताका चुलीशी असायची. ती म्हणायची, "आज नको."

असं एक वर्ष गेलं, मग दुसरं. एका सकाळी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, तुझ्या मनात काय आहे ते सांग तरी. अजून जायचं आहे का तुला, या वयात?

केताकाने चहाचं पाणी उतरवलं. ती म्हणाली, "शेवटची फळी लागली, की उद्या सकाळी मला काय विचारशील?"

रात्सिम्बा विचारात पडला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटी खुंटी त्याने आयुष्यात एकदाच बसवली होती.

"काही नाही, बहुतेक," तो म्हणाला.

"मग राहू दे."

त्याने फळी उचलली, कोरड्या जागी नेऊन ठेवली आणि चहा प्यायला बसला. चटईतून वारा येत होता, वाटेवरून कुणीतरी "हाओदी" म्हणालं, केताकाने आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा विचारलं.